लाइव्ह रॉक अल्बम म्हटलं की 'मेड इन जपान'च!

कृष्णाकाठ_सांगली:
डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या या अल्बमला तोड नाही, असं माझं ठाम मत. ऑगस्ट १९७२, ओसाकात दोन रात्री आणि टोकियोच्या बुडोकान सभागृहात एक. बँडला फारसा उत्साह नव्हता, जपानी कंपनी मागे लागली म्हणून रेकॉर्डिंग झालं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चनं टेपवर जे उतरवलं तेच आपण ऐकतो, नंतर स्टुडिओत ठिगळं लावलेली नाहीत.

'चाइल्ड इन टाइम' ऐका. जॉन लॉर्डचा ऑर्गन संथ सुरू होतो. गायक गिलन शब्द सोडून नुसत्या स्वरांवर येतो, चढत चढत तारसप्तकात जाऊन किंचाळतो. मग ड्रमर पेस लय वाढवतो आणि ब्लॅकमोरची गिटार सुटते. मिरजेच्या उरुसात गाणं ऐकत रात्र जागवलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये तर गिटारनं एक जागा घ्यायची आणि गिलननं ती गळ्यातून काढून दाखवायची, सरळ सवाल-जवाब!

विश्रामबागवाला:
भावा, 'स्पेस ट्रकिन'चं काय? स्टुडिओत साडेचार मिनिटं, इथं जवळपास २०. मधे मी चहा पिऊन येतो. त्यापेक्षा द हू या बँडचा 'लाइव्ह ॲट लीड्स' लाव. १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स विद्यापीठाचं भोजनगृह, मूळ रेकॉर्डवर सहाच गाणी, आणि सगळी एका रात्रीची. तुझं जपान तीन रात्रींतून वेचलेलं. 'स्मोक ऑन द वॉटर' ओसाकाच्या पहिल्या रात्रीचं, 'लेझी' टोकियोचं.

मिरज_जंक्शन:
उरुसाला कशाला मधे ओढता राव? दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणारा समोरचा श्रोता बघून बढत करतो, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेतो. पर्पलचा तिन्ही रात्री गाण्यांचा क्रमसुद्धा तोच. बढतच हवी तर ऑलमन ब्रदर्स बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट', मार्च १९७१. दोन गिटार, दोन ड्रमर, 'व्हिपिंग पोस्ट' २३ मिनिटं. त्यातला गिटारवाला डुएन ऑलमन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला.

कृष्णाकाठ_सांगली:
बंदिश ठरलेली असते म्हणून गाणं शिळं होतं का? तिन्ही रात्रींचा संच १९९३ मध्ये निघालाय, ब्लॅकमोरचे सोलो शेजारी-शेजारी ठेवून ऐका, वेगळे आहेत. फिलमोर मलाही आवडतो, त्यावर भांडण नाही. पण विश्रामबागवाले, लीड्समधले मुख्य गायकामागचे साथीचे आवाज नंतर स्टुडिओत पुन्हा गायलेत, आणि तिथं 'माय जनरेशन' १४-१५ मिनिटं चालतं. ती लांबण नव्हे?

विश्रामबागवाला:
आवाज पुन्हा गायले, मान्य. गिटार, बास, ड्रम त्या रात्रीचेच आहेत ना! आणि 'माय जनरेशन' दर दोन मिनिटांनी नवीन वळण घेतं, त्याला लांबण म्हणत नाहीत. तुमच्या 'द म्यूल'मधला ड्रम सोलो कुणी दुसऱ्यांदा पूर्ण ऐकलाय का, खरं सांगा.