सारांश दिसतो, पूर्ण लेख कसा मिळवायचा?

प्रश्न: आईच्या मूत्रपिंडाच्या आजारावरचा एक शोधनिबंध हवाय. सारांश संपला की कुलूपाचं चित्र येतं. काल रात्री २ वाजेपर्यंत तेच पान उघडत बसले. डॉक्टरांना भेटण्याआधी औषधाच्या मात्रेचा तक्ता वाचायचाच आहे.

उत्तर: पबमेड या वैद्यकीय शोधनिबंध शोधायच्या संकेतस्थळावर शीर्षक टाका. 'फ्री पीएमसी आर्टिकल' असं दिसलं तर झालंच काम. पीएमसी म्हणजे पबमेड सेंट्रल, पूर्ण लेखांचा संग्रह; तो २००० पासून मोफत आहे.

उत्तर: लेख न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकातला असेल तर मूळ संशोधन ६ महिन्यांनी खुलं होतं, नोंदणी तेवढी करावी लागते. नाहीतर सरळ लेखकाला ईमेल करा, संकोच नको. मी तीनच ओळी लिहिल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पीडीएफ हजर!

प्रश्नकर्ती: पीएमसीवर नव्हता. लेखिकेला लिहिलं, आत्ताच आला. तक्ता पुरवणीत होता, तोही त्यांनी आठवणीने जोडलाय. मनापासून आभार.