बायसेप्सला तिसरं हेड सापडलंय, आता काय लिहू? (सल्ला हवा)

रानजाई

नमस्कार मंडळी. एमबीबीएस पहिलं वर्ष. डिसेक्शनला आमच्या टेबलवरच्या बॉडीच्या उजव्या दंडात बायसेप्सला (पुढचा स्नायू) दोनाऐवजी तीन हेड (स्नायूची वरची टोकं) निघालीत. लाँग आणि शॉर्ट आपापल्या जागी आहेत, तिसरं ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मधूनच कुठूनतरी सुटून आतल्या बाजूने बाकीच्यांना मिळतं. मॅडम म्हणाल्या, "छान! पोस्टर कर." आणि पुढच्या टेबलवर गेल्या. पण "तीन हेड आहेत" या वाक्यापुढे माझी गाडी सरकत नाहीये. नेटवर जिथे बघावं तिथे वेगळा टक्का. काय वाचू, काय बघू? इथे डॉक्टर बरेच आहेत म्हणून विचारतेय.

निवृत्त_मास्तर

आधी वाईट बातमी देतो. दुर्मीळ वगैरे काही नाही हो ते. मोठ्या ग्रंथांत ढोबळ १० टक्के लिहितात, लोकसमूहानुसार आकडा खाली-वर होतो, म्हणून तुला दर ठिकाणी वेगळा दिसतोय. पोरं "सर, तिसरं हेड!" म्हणून धावत आली की मी हातातला चहा संपवूनच उठायचो.

उठल्यावर मात्र एकच विचारायचो: मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह कुठे आहे? बहुतेकदा समोर शांतता. पोस्टरचा जीव त्या शांततेत आहे. एरवी ही नर्व्ह दंडाच्या वरच्या भागातल्या कोरॅकोब्रॅकिआलिस स्नायूला भोक पाडून आत शिरते, बायसेप्स आणि त्याच्याखालच्या ब्रॅकिआलिस स्नायूच्या मधून खाली येते आणि कोपराशी बाहेरच्या बाजूला कातडीची नर्व्ह म्हणून वर निघते. तुझं जास्तीचं हेड नेमकं त्याच वाटेवर बसलेलं असणार. तेव्हा कोपराकडून उलटी वर जात ती शोध, वरून खाली येऊ नकोस, तुटते. स्नायूला भोक पाडते की बाजूने जाते? तिसऱ्या हेडला फांदी देते का? आणि मुख्य म्हणजे मीडियनला, म्हणजे शेजारच्या बोटांकडे जाणाऱ्या नर्व्हला, जोडणारी फांदी आहे का? असली तर भोकाच्या वर की खाली, ते लिही. व्हेनिएराटोस आणि अनाग्नोस्तोपुलू यांनी १९९८ मध्ये यावरूनच तीन प्रकार पाडलेत: जोडफांदी भोकाच्या वर, भोकाच्या खाली, आणि भोकच नाही.

वाचायला बर्गमन. आयोवाच्या या गृहस्थांनी शरीररचनेतल्या फरकांचा अख्खा कोश नेटवर फुकट ठेवला होता. पण आधी टेबल, मग वाचन. उलटं केलंस तर वाचलेलंच दिसायला लागतं.

बाहुबली_सातारा

मास्तर, तीन हेड म्हणजे दंड जास्त भरतो का? आमच्या जिममध्ये एकाचा आहे तसा.

निवृत्त_मास्तर

नाही. अंडी खातो तो.

गुंगीवाली

मी भूलतज्ज्ञ. मास्तरांच्या प्रश्नाला माझ्या बाजूने जोड. काखेतून हाताचा ब्लॉक (नर्व्हजवळ औषध सोडून हात बधिर करणं) देताना ही नर्व्ह बाकीच्यांची संगत सोडून आधीच कोरॅकोब्रॅकिआलिसमध्ये घुसलेली असते, म्हणून तिला वेगळं औषध द्यावं लागतं. नाही दिलं तर हात सगळा बधिर आणि कोपराखालचा अंगठ्याच्या बाजूचा भाग जागा, पेशंट टेबलवर ओरडतो. आता समजा सोनोग्राफीत त्या स्नायूत नर्व्ह दिसतच नाही. नवखा माणूस सुई घेऊन शोधत बसतो. खरं म्हणजे कधीकधी तिचे तंतू मीडियनबरोबरच चाललेले असतात: मीडियनला करंट दिला आणि बोटांऐवजी कोपर वाकलं की समजायचं. हे मी रेसिडेन्सीत शिकले तेव्हा तुमचं ते पिवळ्या दोऱ्याने बांधलेलं डिसेक्शन पहिल्यांदा कामी आलं.

हाडांचा_हिशेब

ऑर्थोवाला. तीन हेडांनी मला कधी त्रास दिला नाही. फार तर एमआरआयमध्ये जास्तीचा गोळा बघून कुणीतरी गाठ म्हणून पाठवतं. त्यापेक्षा पोस्टरमध्ये एक चौकट स्ट्रदर्सच्या लिगामेंटला, म्हणजे काहींच्या कोपरावर असणाऱ्या जास्तीच्या दोरीला, दे. स्कॉटलंडच्या जॉन स्ट्रदर्सने १८४८ मध्ये त्यावर लिहिलं, आणि पुढे डार्विननेही १८७१ च्या ग्रंथात माणसाचं जुनं नातं दाखवायला हाच मुद्दा घेतला, कारण मांजरासारख्या प्राण्यांत तिथे हाडाचं पूर्ण भोकच असतं. माणसांत साधारण १ टक्का लोकांना ह्यूमरसच्या पुढे-आतल्या बाजूला, कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या ५ सेंटिमीटर वर, हाडाचा छोटा काटा असतो. त्यापासून उंचवट्यापर्यंत दोरी ताणलेली, आणि तिच्याखालून मीडियन नर्व्ह नि बहुधा ब्रॅकियल आर्टरी.

अशा पेशंटच्या बोटांना मुंग्या येतात आणि आपण मनगटाचं कार्पल टनेल (तिथे मीडियन दबणं) ठरवून मोकळे होतो. तळव्याच्या कातडीलाही बधिरपणा असेल आणि हात पालथा करायची ताकद कमी असेल तर मनगटावर सुरी लावण्याआधी कोपराच्या वरचा एक्स-रे काढा. तो काटा सांध्याकडे तोंड करून असतो, ऑस्टिओकाँड्रोमा (हाडाची साधी गाठ) सांध्यापासून लांब. एवढं लक्षात राहिलं तर नको ती बायोप्सी टळते. आणि हो, स्ट्रदर्सचं आर्केड वेगळं, ते करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नर्व्हचं. व्हायव्हात यावर पोरं हमखास घसरतात.

खांदा वारंवार निखळतो त्याच्या लातार्जे ऑपरेशनमध्येही मास्तरांचीच नर्व्ह. कोरॅकॉइडपासून (खांद्याच्या पुढचं हाडाचं टोक) ५ सेंटिमीटर खाली ती स्नायूत शिरते असं पाठ असतं. माझं मत विचाराल तर पाच सेंटिमीटरवर भिस्त ठेवून सर्जन व्हायचं नाही.

उंबरठा

माझ्या आईच्या एमआरआयमध्ये बायसेप्सला ॲक्सेसरी (जास्तीचं) हेड आहे असं लिहून आलंय, ती दोन रात्री झोपली नाही. काही करावं लागेल का?

हाडांचा_हिशेब

ताई, मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा नसेल तर त्या ओळीसाठी काही करायचं नाही. एमआरआय ज्या दुखण्यासाठी काढला ते आधी विचारा. तपासून घ्या, पण त्यांना झोपू द्या.

निवृत्त_मास्तर

रानजाई, एक राहिलंच. फोटोत पट्टी ठेव, टेबलचा बिल्ला येऊ देऊ नकोस, आणि विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही फोटो फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच. १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली ती बॉडी कॉलेजकडे अभ्यासासाठी आलीय.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, धागा साठवून ठेवलाय. आज परवानगी घेतली आणि कोपराकडून वर गेले. तिसरं हेड कोरॅकोब्रॅकिआलिस जिथे हाडाला चिकटतो त्याच्या अगदी खालून सुटतंय. नर्व्ह सापडली! तिसरं हेड आणि बाकीचा बायसेप्स यांच्या मधून जाते, वर कोरॅकोब्रॅकिआलिसला भोक पाडते. मीडियनला फांदी होती की नव्हती हे मात्र आता कळणार नाही, गेल्या आठवड्यात तिथली "चरबी" कुणीतरी फार स्वच्छ केलीय. बहुधा मीच.

डावा दंड अजून झाकलेला आहे. गुरुवारी उघडतोय.