शब्दचर्चा: डिव्हाइस ड्रायव्हरला ‘चालक’ म्हणावं का?

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ नव्याने टाकलं, पण नेटवर्क कार्ड काही चालेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, त्याच्यापुढे पिवळं उद्गारचिन्ह. शेजारी बसलेल्या भाचीला म्हटलं, “ड्रायव्हर नाहीये.” तिने विचारलं, “म्हणजे चालवणारा? काय चालवतो तो?” मला पटकन सांगता येईना.

डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे एखाद्या उपकरणाशी ऑपरेटिंग सिस्टिमला बोलू देणारं सॉफ्टवेअर. त्याला ‘उपकरण चालक’ हा प्रतिशब्द मला खटकतो. चालक म्हटला की सगळं त्याच्या हाती असतं, कुठे वळायचं ते तो ठरवतो. इथे हुकूम ऑपरेटिंग सिस्टिमचा. ती एवढंच म्हणते, हा डेटा पाठव. त्यासाठी या कार्डाच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (कार्डातल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागेत) कुठला आकडा लिहायचा, हे ड्रायव्हरला ठाऊक. हे काम दुभाष्याचं आहे. शिवाय दुभाष्याला दोन्हीकडच्या भाषा याव्या लागतात. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही तो म्हणूनच. कार्ड तेच, पण सिस्टिमकडची भाषा बदललेली.

प्रतिसाद १:
दुभाषा आवडला, पण ‘चालक’ अगदीच टाकाऊ नाही. चालना देतो तोही चालकच. ड्रायव्हरविना कार्ड नुसतं पडून असतं.

प्रतिसाद २:
नामापेक्षा क्रियापदं बघा. आपण कार्ड ‘बसवतो’, प्रिंटर ‘जोडतो’ आणि ड्रायव्हर ‘टाकतो’. हाताने करायचं काम कुठलं आणि सॉफ्टवेअरचं कुठलं, हे क्रियापदावरूनच कळतं. ‘स्थापित करा’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. ‘ड्रायव्हर उडाला’, ‘कॉम्प्युटर कार्ड ओळखत नाही’ हेही किती नेमकं आहे! हे शब्द कुणी समिती बसवून घडवलेले नाहीत.

प्रतिसाद ३:
आणि कॉन्फिगर? ‘संरचना’ नको, ती रचना झाली. मी ‘जुळवणी’ म्हणेन. विंडोज ९५ च्या आधी साउंड कार्ड बसवलं की आयआरक्यू (कार्ड ज्या क्रमांकाने प्रोसेसरचं लक्ष वेधतं तो), डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीची वाट) आणि पोर्ट (कार्डाचा पत्ता) आपणच ठरवायचे. आयआरक्यू एकूण १६, त्यातले बरेच आधीच गुंतलेले. ५ नंबर साउंड कार्डाला द्यावा तर तिथे दुसरं कार्ड बसलेलं असायचं. मग मशीन उघडून जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढायचा, शेजारच्या पिनांवर घालायचा, पुन्हा चालू करून बघायचं. ती खरोखर जुळवाजुळवच होती. प्लग अँड प्ले आल्यावर हे काम सिस्टिम स्वतःच करू लागली.

मूळ लेखक:
‘ओळखत नाही’ वाचून एक लक्षात आलं. सिस्टिम कार्ड ओळखते ती क्रमांकावरून. उद्गारचिन्हावर डबल क्लिक करून ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी पाहिला, तर उत्पादकाचा क्रमांक १०ईसी, म्हणजे रिअलटेक. (इंटेलचा ८०८६, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा.) हाच आयडी ड्रायव्हरसोबतच्या आयएनएफ नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो, दोन्ही जुळले की ड्रायव्हर लागू होतो. म्हणजे सिस्टिमला कार्ड आहे हे कळलं होतं, क्रमांकही वाचता आला होता, फक्त बोलता येत नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर आणून टाकला, उद्गारचिन्ह गेलं.

‘जुळवणी’ मी घेतली. ‘टाकणे’ आहेच. बोलताना ड्रायव्हरच म्हणेन, पण भाचीला समजावताना दुभाषा.