गाव वाढतंय, पाइप तोच

गाव वाढलं की सोयी आपोआप येतात असं म्हणतात, ते अर्धंच खरंय. आधी येतात बिल्डिंगा. पाण्याची लाइन मात्र तीच जुनी, तिला आणखी ५० फ्लॅट जोडले की प्रेशर पडतं आणि शेवटच्या घरात नळ नुसता फुसफुसतो, मग बसा बादली लावून. रस्ता डांबरी होतो आणि १५ दिवसांत केबलवाले तोच खणतात (बुजवतात पण असं की पहिल्या पावसात बरोबर तिथेच डबकं). फायदे आहेतच, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो हे काय कमीये का? पण पूर्वी कोपऱ्यावर जाईपर्यंत चार जण 'कुठं निघालात' विचारायचे, तेव्हा जाम वैताग यायचा, आता कोणीच विचारत नाही आणि गाडी लावायला जागाही नाही.