फॅमिली ग्रुप : रशियाचा गॅस गेल्यावर जर्मनीने हिवाळा कसा काढला?

मोठे काका: रेवा, रशियाचा गॅस थांबला त्या हिवाळ्यात इथे आम्हाला तुझी काळजी लागून राहिली होती. तुमच्याकडे नेमकं निभावलं कसं?

रेवा (हॅनोवर): काका, काळजी करण्यासारखंच होतं. इथली जवळपास निम्मी घरं गॅसवर गरम होतात आणि २०२१ मध्ये आयातीतला निम्म्याहून जास्त गॅस एकट्या रशियाचा होता. त्याहून वाईट म्हणजे देशातला सर्वांत मोठा भूमिगत साठा, आमच्याच राज्यातला रेडेनचा, गाझप्रोम या रशियन सरकारी गॅस कंपनीच्या उपकंपनीकडे होता. युक्रेन युद्धाआधीच्या हिवाळ्यात तो जवळजवळ रिकामा होता! गॅस विकणारा तोच आणि कोठाराची किल्लीही त्याच्याकडेच. हे इतकी वर्षं चालू कसं दिलं, याचा मला आजही राग येतो.

दादा: मग एका उन्हाळ्यात साठे भरले कसे?

रेवा: सरकारी सक्तीने. २०२२ मध्ये १ ऑक्टोबरपर्यंत ८५ टक्के आणि १ नोव्हेंबरपर्यंत ९५ टक्के साठे भरायचेच, भाव कितीही चढो. ऑगस्टअखेर नॉर्ड स्ट्रीम १ ही रशियाहून येणारी गॅसवाहिनी बंद पडली, तरी नोव्हेंबरच्या मध्यात साठे काठोकाठ होते. नॉर्वेने जास्त गॅस दिला. जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवायचं विल्हेल्म्सहाफेन बंदरातलं टर्मिनल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, दहाएक महिन्यांत.

आत्या: आणि तुम्ही घरात काय केलंत गं? गारठलात ना?

रेवा: स्वेटर घालून बसायचो, आत्या. सरकारी कार्यालयांत १९ अंशांची मर्यादा होती, कारखान्यांनीही वापर घटवला. टर्मिनलचे फोटो सगळीकडे झळकले, पण तो हिवाळा निघाला तो भरलेल्या साठ्यांवर आणि बचतीवर, असं माझं ठाम मत आहे. थंडीही त्या वर्षी बेताचीच पडली.

मोठे काका: पण पोरी, युरोपने चढ्या भावाने गॅसची जहाजं उचलली, तेव्हा पाकिस्तान आणि बांगलादेशला गॅस परवडेना, तिथली वीज जाऊ लागली. आपल्या ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीचा गाझप्रोमशी वीस वर्षांचा करार होता, त्यातली जहाजंही २०२२ मध्ये यायची थांबली.

रेवा: खरंय काका. आमच्या उबेची किंमत तिकडच्या लोकांनीही मोजली. इथे हे फारसं कुणी बोलत नाही, बोलायला हवं.

दादा: आणि रशिया सुटला तरी आता अमेरिका आहेच की. युरोपात जहाजाने येणाऱ्या गॅसमध्ये सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच ना?

रेवा: हो, म्हणून तर नुसता दुकानदार बदलून भागणार नाही. गॅसच कमी लागला पाहिजे. जुन्या इमारतींच्या भिंतींना उष्णतारोधक थर आणि घरोघरी हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र), यावर पैसा लावा असं मी इथे प्रत्येकाला सांगते.

आत्या: पण त्या पंपाला वीज लागेलच की.

रेवा: लागते, पण एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. आणि इथली निम्म्याहून जास्त वीज आता वारा, ऊन अशा स्रोतांतून येते. त्याचा नळ दुसऱ्या देशाला बंद करता येत नाही.