बस नको, पायीच फिरा

बुएनोस आइरेसमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर टूर बस घ्यावी का? माझं मत, नको. प्लासा दे मायो या मुख्य चौकापासून संसदेपर्यंतचा आवेनिदा दे मायो हा सरळ रस्ता जेमतेम दीड किलोमीटरचा, पण अर्धा दिवस सहज खातो. १८५८ चं काफे तोर्तोनी, १९२३ ची पालासिओ बारोलो ही इमारत, दोन्ही वाटेतच. (तोर्तोनीबाहेर रांग असते, कॉफी शेजारीही चांगली मिळते!)

जमलं तर गुरुवार निवडा. दुपारी साडेतीनला प्लासात पांढरे रुमाल बांधलेल्या आयांची फेरी असते, लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांसाठी, १९७७ पासून. आता त्यांतल्या थोड्याच उरल्यात. तिथे कॅमेरा जरा खाली ठेवा.

रविवार असेल तर मात्र सान तेल्मो या जुन्या वस्तीतला जुन्या वस्तूंचा बाजार. आणि हो, तिथे दगडी फरसबंदी आहे, बूटच घाला.