बायॉस अपडेट: एकाच डिस्कवर विंडोज ११ आणि उबुंटू, ग्रब टिकेल का?

प्रश्न
लॅपटॉपच्या एनव्हीएमई डिस्कवर विंडोज ११ आणि उबुंटू आहे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय) दोन्ही चालू. नवा बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कुठून टाकावा, विंडोजमधून की उबुंटूतून? ग्रब, म्हणजे सुरुवातीला दोन्हींपैकी एक निवडू देणारा बूटलोडर, उडेल का?

उत्तर १
बायॉस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसतो, त्यामुळे कुठूनही टाकला तरी फरक पडत नाही. खरी काळजी बिटलॉकरची घ्या. मशीन सुरू होताना टीपीएम ही सुरक्षा चिप काही मोजमापं तपासतं आणि ती जुळली तरच डिस्क उघडायची किल्ली देते. फर्मवेअर, म्हणजे बायॉस, बदलल्यावर ती जुळली नाहीत, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा, याच लॅपटॉपवर नको! मग बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं थांबवा) करा, डिक्रिप्ट करू नका. पॉवरशेलमधून केलं तर सस्पेंड एका रीस्टार्टपुरतंच टिकतं आणि अपडेटमध्ये मशीन दोनतीनदा रीस्टार्ट होऊ शकतं. म्हणून रीबूट-काउंट ० द्या, म्हणजे तुम्ही चालू करेपर्यंत ते बंदच राहील, आणि काम झाल्यावर स्वतः पुन्हा चालू करा.

उत्तर २
ग्रबच्या फाइली ईएफआय पार्टिशनवर (डिस्कवरच्या बूट फाइलींच्या छोट्या भागात) असतात, त्यांना धक्का लागत नाही. पुसली जाऊ शकते ती एनव्हीरॅममधली (मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या मेमरीतली) बूट नोंद, आणि मग मशीन थेट विंडोजमध्ये जातं. आधी बायॉस सेटअपमध्ये बूटचा क्रम बघा, बऱ्याचदा तेवढंच बदललेलं असतं. नोंदच नसेल तर उबुंटूची लाइव्ह यूएसबी यूईएफआय मोडमध्ये (जुन्या लेगसी मोडमध्ये नाही) सुरू करून ‘ईएफआयबूटएमजीआर’ या कमांडने नवी करा. सिक्युअर बूट चालू असल्यामुळे फाइल ग्रबची नाही, शिम या त्याच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची द्यायची: मायक्रोसॉफ्टची सही शिमवर असते, ग्रबला पुढे शिम तपासतो. अपडेटआधी याच कमांडने दिसणारी नोंदींची यादी जपून ठेवली तर पार्टिशन क्रमांक शोधत बसावं लागत नाही.

प्रश्नकर्ता
उबुंटूतूनच करता येईल का?

उत्तर ३
तुमचं मॉडेल एलव्हीएफएसवर (लिनक्ससाठी कंपन्या फर्मवेअर देतात ती ऑनलाइन सेवा) असेल तर येईल. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर’ या कमांडला आधी रिफ्रेश, मग गेट-अपडेट्स, मग अपडेट सांगा. चार्जर लावलेला हवा, ईएफआय पार्टिशनवर मोकळी जागा हवी. ते १०० एमबीचं असेल तर ही जागा आधी तपासाच.

एक गोष्ट वर राहिली. अपडेटनंतर बायॉसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत गेल्या तर स्टोरेज कंट्रोलरचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून रेड किंवा व्हीएमडीवर जाऊ शकतो. मग विंडोज निळा पडदा दाखवतं आणि उबुंटूला डिस्क न दिसण्याची शक्यता असते. डिस्क गेली समजून फॉरमॅट करू नका, मोड पूर्वीचा करा. त्यासाठी आधीच सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.